जुना रेडिएटर बदलताना

ब्रिटनमधल्या बहुतेक घरांना थंडीत ऊब मिळते ती भिंतीवरच्या पोलादी रेडिएटरमधून. बॉयलरमध्ये तापलेलं पाणी त्यातून फिरत राहतं. तो गंजून गळू लागला, की त्याच मापाचा नवा आणायचा, असं सहज वाटतं. पण आधी पाहायला हवं, खोलीला उष्णता किती लागते. खिडक्यांना दुहेरी काचा बसल्या असतील, तर गरज कमी झालेली असते.

मग येतो प्रकार. 'टाइप ११', 'टाइप २२' यांतला पहिला अंक पाणी खेळवणाऱ्या पॅनेलांची संख्या सांगतो, दुसरा त्यांना जोडलेल्या पन्हळी पत्र्यांची. पन्हळींमुळे हवेला टेकणारा पृष्ठभाग वाढतो. म्हणून भिंतीवर तेवढीच जागा घेऊन 'टाइप २२' बरीच जास्त उष्णता देतो; फक्त तो जाड असतो.

खरी मेख वॅटच्या आकड्यात आहे. पाणी सरासरी ७० अंश सेल्सिअस आणि खोली २० अंश, म्हणजे ५० अंशांचा फरक धरून तो छापतात. बॉयलरऐवजी हीट पंप बसवला आणि त्याचं पाणी सरासरी ५० अंशांचं असेल, तर फरक उरतो ३० अंश. तेव्हा १,००० वॅटचा रेडिएटर जेमतेम ५१५ वॅट देतो, कारण फरक घटला की हवेचा प्रवाहही मंदावतो. पुढे हीट पंप घ्यायचा विचार असेल, तर आताच मोठा रेडिएटर निवडावा.

शेवटी टेप काढा. जुनी मापं अनेकदा इंचांत असतात, नवी मिलिमीटरमध्ये. दोन व्हॉल्व्हमधलं अंतर जुळलं नाही, तर पाइपही बदलावे लागतात.