शून्यालाही चार

थर्मासमध्ये बर्फाचा चुरा भरायचा, वर थोडं पाणी घालायचं आणि त्यात करंगळीएवढी स्टीलची नळी उभी करायची. नळीच्या टोकाशी प्लॅटिनमची बारीक तार असते. मल्टिमीटर ओहमवर लावला की आकडा घसरत घसरत १०० वर येऊन थांबतो. तीच नळी उकळत्या पाण्यात धरली की १३८.५. इन्स्ट्रुमेंटेशन शिकणाऱ्याची तापमानाशी पहिली ओळख बहुधा अशी होते.

आमचे सर तेवढ्यावर सोडत नसत. वायरचं लांबलचक भेंडोळं मध्ये जोडायला लावायचे आणि विचारायचे, "आता किती?" १०२. म्हणजे हिशेबाने पाच अंश जास्त. पाणी तेच, बर्फ तोच, पण वायरचा स्वतःचा रोध आकड्यात मिसळला. हा वाटा वजा करण्यासाठी तिसरी वायर लागते, हे पुस्तकात होतंच. पण खोटा आकडा आपण स्वतः तयार करून पाहिल्यावर ती तिसरी वायर कोणी विसरत नाही.

हा विषय म्हणजे आकड्यावर शंका घ्यायचं शिक्षण आहे, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. लोक याला ऑटोमेशन म्हणतात, आणि डोळ्यांसमोर रोबो किंवा चकचकीत स्क्रीन येतो. पण स्क्रीनवर ८२ लिहिलंय म्हणून रिॲक्टरमध्ये ८२ आहे का, हा प्रश्न ज्याला पडतो तो खरा इन्स्ट्रुमेंटवाला.

ठाण्यात हे शिकायची सोय बऱ्याच वर्षांपासून आहे. चेंदणीला खाडीकाठी विद्या प्रसारक मंडळाचं ज्ञानद्वीप संकुल आहे. मंडळ १९३५ चं, त्याचं पॉलिटेक्निक १९८३ चं, आणि तिथे इन्स्ट्रुमेंटेशनची पदविका शिकवली जाते. आयटीआयमध्ये 'इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, केमिकल प्लांट' असा स्वतंत्र ट्रेडच आहे. या पट्ट्यात अशा शिक्षणाची गरज कुठून आली, हे नकाशा पाहिला की समजतं. शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहन्याला एनआरसी, ठाणे-बेलापूर रस्त्यावर नोसिल, आणि डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरला एमआयडीसीतले रसायनांचे, रंगांचे, औषधांचे कारखाने. यातले काही आज बंद आहेत. पण इथल्या कित्येक घरांत शिफ्टला जाणारं कोणी ना कोणी होतंच.

कारखान्यात ही पातळ स्टीलची नळी उघडी ठेवता येत नाही, आम्ल तिला खाऊन टाकेल. म्हणून ती जाड स्टीलच्या म्यानात, थर्मोवेलमध्ये, बसवतात. एक उघडी नळी आणि एक म्यानातली, दोन्ही एकदम गरम पाण्यात बुडवून स्टॉपवॉच लावावं. उघडी काही सेकंदांत पोचते. म्यानातली रेंगाळते, आणि मधे हवेची फट राहिली असेल तर फारच रेंगाळते. म्यानावर डांबरासारखा थर चढला, की रिॲक्टर ९० वर असताना पडदा निवांत ८० दाखवू शकतो. ढवळणारा पंखा बंद पडला, तर म्यानाच्या आसपासचं तेवढं तापमान कळतं, बाकीच्या मालाचं नाही.

हा उशीर किती महागात पडतो ते उष्णतेच्या गणितात आहे. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं तर रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. उष्णता सोडणारी क्रिया असेल तर उष्णताही तितक्याच वेगाने तयार होते. रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटमधलं थंड पाणी मात्र ती उचलतं सरळ प्रमाणात. एका टप्प्यानंतर पाणी मागे पडतं, माल स्वतःच स्वतःला तापवत जातो. तिथून माणसाच्या हातात फार थोडी मिनिटं असतात.

२६ मे २०१६ ला डोंबिवलीच्या एमआयडीसीत स्फोट झाला, १२ माणसं गेली. २३ मे २०२४ ला पुन्हा झाला. दोन्ही वेळा पहिली बातमी बॉयलर फुटल्याची होती. २०२४ चा स्फोट रिॲक्टरचा होता, हे मागाहून स्पष्ट झालं. बॉयलर आणि रिॲक्टर यांतला हा फरक सगळ्यांनाच कळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. कारण इथे कारखान्याची भिंत आणि सोसायटीची भिंत यांच्यात कधी कधी फक्त एक रस्ता असतो. आणि सगळे कारखाने सारखे नसतात. मोठ्या कारखान्यात तेच उत्पादन वर्षभर सलग चालतं, कंट्रोल रूम असते. छोट्या कारखान्यात आज एक बॅच, उद्या दुसरी; वाफेचा व्हॉल्व्ह हाताने उघडायचा, डायल गेज बघायचं. बदलत्या बॅचचं ऑटोमेशन सलग प्रक्रियेपेक्षा अवघड असतं, आणि नेमका तिथेच पैसा कमी असतो.

या शास्त्रात एक कल्पना मला फार सुंदर वाटते. मोजमापाचा सिग्नल वायरवरून ४ ते २० मिलिॲम्पियरमध्ये पाठवतात. टाकी रिकामी असेल तर ४, अर्धी असेल तर १२, भरली की २०. शून्यालाही चार द्यायचे, कारण टाकी रिकामी असणं आणि वायर तुटणं या दोन बातम्या सारख्या दिसता कामा नयेत. खरा शून्य आला, तर समजायचं की निरोप्याच मेलाय. विजेच्या आधी हेच काम हवेच्या दाबावर चालायचं, तेव्हाही सुरुवात शून्यापासून नव्हती: दर चौरस इंचाला ३ ते १५ पौंड.

व्हॉल्व्हचंही असंच. व्हॉल्व्ह चालवणारी दाबाची हवा गेली तर तो उघडा राहील की बंद, हे स्प्रिंग कुठल्या बाजूला बसवली त्यावर ठरतं. वाफेचा बंद झाला पाहिजे, थंड पाण्याचा उघडा पडला पाहिजे. परीक्षेत हा छोटासा प्रश्न असतो.

पहिल्या नोकरीत, नाव नको त्या कारखान्याचं, एका पॅनलमध्ये मला वीतभर वायरचा तुकडा दिसला. जास्त तापमानाला रिॲक्टर आपोआप थांबवणाऱ्या ट्रिपच्या दोन टर्मिनलवर तो टाकलेला. म्हणजे ट्रिप बायपास. वायरवर धुळीचा काळा थर होता, चिकटवलेल्या टेपवरची तारीख पुसून गेली होती. विचारलं तर कळलं, "उगाच ट्रिप व्हायचा, बॅच खराब व्हायची." टर्मिनलचा एक स्क्रू ढिला होता, म्हणून तो उगाच ट्रिप व्हायचा. स्क्रू आवळायला अर्धं मिनिट लागलं. तो तुकडा काढून मी खिशात टाकला, आणि अजून जपून ठेवलाय.

दहावीनंतरच्या फॉर्मवर घरचे आधी कॉम्प्युटर लिहायला सांगतात. त्यांना दोष देणार नाही, एसीत बसायची नोकरी कोणाला नको असते? पण कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या पीएलसीचा प्रोग्रॅम शिकणं म्हणजेही कॉम्प्युटरच शिकणं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पीएलसी आला, तेव्हा त्याची भाषा मुद्दाम रिलेच्या ड्रॉइंगसारखी शिडीची ठेवली होती, म्हणजे जुन्या इलेक्ट्रिशियनला ती वाचता यावी. माझ्या माहितीतला हा फार मोठा शहाणपणा आहे. यंत्र नवं, पण माणूस तोच राहावा म्हणून केलेला.

शटडाऊन संपताना, कारखाना पुन्हा सुरू करायच्या आदल्या दिवशी, लूप चेक चालतो. एकजण वर प्लॅटफॉर्मवर टीटीपाशी, म्हणजे तापमानाच्या ट्रान्समीटरपाशी, हातात कॅलिब्रेटर. दुसरा कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर. मधे वॉकीटॉकी. शिकाऊ मुलाला आधी वर पाठवतात.

"टीटी एकशे एक. चार देतोय."

"शून्य आलं."

"आठ."

"पंचवीस टक्के."

"बारा."

"पन्नास."

"सोळा."

"पंच्याहत्तर."

"वीस. शंभर ना? झालं, खाली येऊ?"

"थांब. आता उतरत्या क्रमाने दे. सोळा."