श्वास घेतला की तंबोरा गायब

आमच्या संगीतमंडळासाठी दर महिन्याला मी एका पानाची यादी करतो. नवे निघालेले आणि जुने पुन्हा निघालेले पाच-सहा अल्बम, प्रत्येकाखाली चार ओळी. चाळीसेक सभासद आहेत. निम्मे ख्यालवाले, काही जॅझवाले, आणि कॉलेजातली दोन मुलं, ज्यांना ठोक्याशिवाय काही चालत नाही. पान एकच असलं तरी त्यासाठी अख्खा शनिवार जातो, आणि त्यातला बराचसा वेळ संगीत ऐकण्यात नव्हे, तपासण्यात.

सुरुवात पिवळ्या बल्बपासून होते. टर्नटेबलवर रेघांची एक कागदी चकती ठेवायची, वर जुना तारेचा बल्ब लावायचा आणि चकती फिरवायची. आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून १८० रेघांचं वर्तुळ जागच्या जागी थांबलेलं दिसलं की वेग बरोबर तेहतीस आणि एक तृतीयांश. रेघा पुढे सरकू लागल्या तर यंत्र घाईत आहे. मग सुई मऊ ब्रशने पुसायची. लाखेची जुनी तबकडी असेल तर तिला स्पिरिट लावायचं नाही, लाख त्यात विरघळते.

एवढा आटापिटा करायला मला एका पेटीवादक काकांनी लावलं. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची एक जुनी प्रत कोणीतरी आणली होती. काका शेजारी पेटी घेऊन बसले. पहिली चीज ‘सो व्हॉट’, तिचा आधारस्वर पेटीवरची पांढरी दोन. काकांनी स्वर धरला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, “तुमची तबकडी चढी आहे.” मी टर्नटेबलला दोष दिला. चकती लावून पाहिली, तर रेघा ढिम्म हलेनात. दोष १९५९ सालचा होता. २ मार्चच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी मुख्य टेपयंत्र किंचित मंद चाललं, म्हणून योग्य वेगाने वाजवल्यावर पहिल्या बाजूच्या तिन्ही चिजा जरा वर सरकल्या. सोबत दुसरं यंत्रही चालू होतं आणि त्याचा वेग ठीक होता. त्या टेपवरून दुरुस्त आवृत्ती निघाली ती १९९२मध्ये. तेहतीस वर्षं जगभरची पोरं त्या तबकडीबरोबर वाजवायला बसून आपलीच वाद्यं पिळत राहिली असणार. तेव्हापासून हा अल्बम सुचवताना मी त्याची थोरवी सांगत बसत नाही. ती ठाऊक नसलेला माणूस आमच्या मंडळात नाही. कोणती आवृत्ती घ्यायची तेवढं लिहितो.

आपल्या गाण्यात घोटाळा वेगळ्या जागी होतो. मागे एका जुन्या खासगी मैफलीचा अल्बम आला होता. टेपवरची सगळी सरसर काढून टाकलेली, आवाज आरशासारखा लख्ख. मी खूश होऊन यादीत वर टाकला. रात्री हेडफोन लावून पुन्हा ऐकला. गवई श्वास घ्यायला थांबला की मागे पोकळी पडत होती, विहिरीत वाकून पाहिल्यासारखी. तो पुन्हा गायला लागला की त्याच्या आवाजाला चिकटून तंबोरा परत येई. कारण साधं आहे. सरसर काढणारं सॉफ्टवेअर एकसारखा, न बदलणारा बारीक आवाज शोधतं आणि तो पुसतं. तंबोऱ्याची जवारीची झिणझिण त्याला तशीच वाटते. सरसर राहिली असती तर कान दहा मिनिटांत सरावले असते. तंबोरा मात्र गेला तो गेलाच. अल्बम यादीतून काढला.

म्हणून आता पुन्हा निघालेल्या प्रत्येक तबकडीत मी आधी शांत जागा ऐकतो. गाणं नंतर.

काही अल्बमांना या चाळणीपेक्षा नुसत्या ओळखीची गरज असते. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ साली त्यांनी रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं जुळवून डिस्कोच्या ठोक्यावर दहा राग वाजवले. भैरवपासून मालकंसापर्यंत. रेकॉर्ड खपली नाही. २०१०मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली, आणि शिकागोत १९८७च्या सुमारास गाजलेल्या अ‍ॅसिड हाउस या नृत्यसंगीताचा नाद आधीच मुंबईत वाजून गेला होता म्हणून जगभर चर्चा झाली. मला त्या शर्यतीत रस नाही. यंत्राचा ठोका एका तसूने हलत नसताना वरचा यमन किती मोकळा फिरतो, ते ऐकण्यासारखं आहे.

नव्यांचं काम त्या मानाने सोपं, फक्त माणूस ओळखावा लागतो. मेहदी हसनची ‘मोहब्बत करने वाले’ पाठ असलेल्यांना अरूज आफताबचा २०२१चा ‘व्हल्चर प्रिन्स’ देताना मी एवढंच सांगतो, की तीच गझल यात आहे, पण घाई करू नका. ती पहिल्या फेरीत हाती लागत नाही. ‘शक्ती’ या बँडचा २०२३चा ‘धिस मोमेंट’ कोणालाही देता येतो. त्यातले तबलावादक झाकिर हुसेन गेल्यापासून तो मागून नेणारे वाढलेत.

गेल्या महिन्याची यादी गेली आणि रविवारी सकाळी सातला फोन वाजला. ख्यालवाल्यांतले सर्वांत ज्येष्ठ. “चरणजितचा मालकंस ऐकला. दोनदा ऐकला,” म्हणाले. मी श्वास रोखून धरला.

“बाकी ठीक आहे हो. तो खालचा ठोका बंद करायचं बटण कुठे असतं?”