ज्युलियाशी ओळख – भाग 6 : ॲरेत आधी काय भरायचं?

ॲरे म्हणजे काय, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आता त्यात मूल्यं भरायची. काम किरकोळ वाटतं, पण इथे झालेली चूक पुढे उत्तरात लपून बसते, म्हणून आज इथेच थांबू.

समजा, एका पर्जन्यमापकाच्या वर्षभराच्या नोंदी ठेवायच्या आहेत. घरं 365. सोपा मार्ग म्हणजे 'झीरोज' हे फंक्शन. त्याला 365 सांगितलं की तेवढी शून्यं भरलेला ॲरे मिळतो, आणि ती शून्यं दशांश संख्या असतात. 'फिल'ला मात्र आधी मूल्य आणि मग घरांची संख्या द्यावी लागते. तिथे 0 लिहिलं तर ॲरे पूर्णांकांचा होतो, 0.0 लिहिलं तर दशांशांचा. पूर्णांकांच्या ॲरेत 2.5 मिलिमीटर पाऊस नोंदवायला गेलात की ज्युलिया त्रुटी दाखवून थांबते. पायथनच्या नमपायमध्ये तसं केलं तर 2.5 चे मुकाट्याने 2 होतात. मला ज्युलियाचं अडून बसणंच पसंत आहे.

खरा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे: शून्य भरावं का? पावसाच्या नोंदवहीत शून्याचा अर्थ 'पाऊस पडला नाही' असा होतो. जुलैत दहा दिवस यंत्र बंद पडलं आणि ती घरं शून्यच राहिली, तर महिन्याची सरासरी खाली येते, आणि कुणाला शंकाही येत नाही. त्याऐवजी सगळीकडे 'नॅन' भरा. हे 'संख्या नाही' असं सांगणारं मूल्य बेरजेत शिरलं की उत्तरही नॅनच येतं, त्यामुळे राहिलेली नोंद लपत नाही. त्याहून नेमका पर्याय 'मिसिंग'. फक्त एक काळजी घ्या: 'फिल'ला नुसतं मिसिंग दिलंत तर त्या ॲरेत पुढे संख्या बसणारच नाही. ॲरे बनवतानाच 'मिसिंग किंवा दशांश' असा जोडप्रकार सांगावा लागतो. सरासरी काढताना 'स्किपमिसिंग' वापरलं की ती घरं वगळली जातात.

'अनडेफ' हा वेगळाच प्रकार. त्यात काहीच भरलं जात नाही. मेमरीत आधी जे पडलेलं असेल तेच आकडे दिसतात. प्रत्येक घर लगेच लिहिलं जाणार असेल, तरच तो वापरावा. मोठ्या कामात एकच ॲरे पुन्हा भरायचा असेल, तर उद्गारचिन्ह लावलेलं 'फिल' घ्या. ते नवी जागा न मागता जुन्याच घरांत मूल्यं लिहितं. दहा हजार गुणिले दहा हजारांच्या दशांश ॲरेला 80 कोटी बाइट लागतात, तेव्हा ही बचत जाणवते.

शेवटचा सापळा. तीन केंद्रांसाठी तीन रिकाम्या याद्या हव्यात म्हणून 'फिल'ला एक रिकामी यादी आणि 3 हा आकडा दिलात, तर तिन्ही घरांत एकच यादी बसते. पहिल्या केंद्राची नोंद तिन्हींत दिसू लागते. कंसात 'फॉर' लिहून प्रत्येक घरासाठी नवी यादी बनवा.

पुढच्या भागात ठिपक्याची किमया पाहू. तोवर तुमच्या जुन्या प्रोग्राममधलं प्रत्येक 'झीरोज' शोधून काढा, आणि तिथलं शून्य ही मोजलेली नोंद आहे की न मोजलेली, एवढं तपासा.