रुळायला किती वर्षं लागतात?

खसखस लावलेले अनारसे घेऊन दुबईला जाऊ नये. छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या ज्या घरांतून माणसं आखातात गेली आहेत, तिथे हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. संयुक्त अरब अमिरातीत आणि सौदी अरेबियात खसखस अफूच्याच खात्यात मोजली जाते; सिंगापूरलाही ती चालत नाही. अमेरिकेत खसखशीला हरकत नाही, पण कढीपत्त्याची ताजी डहाळी विमानतळावर काढून घेतात. फराळाचे डबे भरताना आईला प्रत्येक देशाचं वेगळं पथ्य सांभाळावं लागतं. परदेशी राहणं समजून घ्यायला मला हीच जागा बरी वाटते. मुळं तुटणं, दुभंगलेपण वगैरे गोष्टी पुढच्या. पुष्कळांच्या वाट्याला त्या येतही नाहीत. कचऱ्याचा डबा, मिक्सर आणि घरभाडं मात्र कुणालाच चुकत नाही.

उस्मानपुऱ्याला हा विषय नवा नाही. स्टेशन रोडवरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि देवगिरी महाविद्यालय ही दोन्ही 1960 सालची, तंत्रनिकेतनही इथलंच. या तिन्हींतून निघालेली पोरं आधी वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत लागली, मग पुण्याला, आणि पुण्याहून बाहेर. दुसरी वाट पीर बाजाराकडच्या गल्ल्यांतून जाते. तिथला वायरमन, ड्रायव्हर, एसी दुरुस्त करणारा थेट जेद्दा नाहीतर दोहा गाठतो. दोन्ही वाटांवरच्या माणसांच्या हकिकती जुन्या नोंदींशेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा एक गोष्ट सारखी पुढे येत राहिली: घराशी बोलणं जसजसं सोपं होत गेलं, तसतसं तिकडे रुळणं लांबत गेलं.

आनंदीबाई जोशींचंच बघा. 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दातांच्या डॉक्टरकडे खोळंबून बसल्या असताना एका मिशनरी मासिकात आनंदीबाईंच्या नवऱ्याचं, गोपाळरावांचं, पत्र वाचलं होतं. ओळख तेवढ्यावर जमली. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंना जी खोली मिळाली, तिची शेकोटी नीट पेटत नसे. पेटवावी तर धूर, न पेटवावी तर थंडी. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्या गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. मांसाहार केला नाही. नवऱ्याला विचारून ठरवावं म्हटलं, तर पत्र जाऊन उत्तर येईतो ऋतू पालटायचा. निर्णय आपला आपणच घ्यायचा. त्या 1886 च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. त्या थंडीनं आणि आबाळीनं त्यांची किती किंमत घेतली, हे चरित्रं वाचताना मनातून जात नाही.

1913 च्या जुलैत न्यूयॉर्कला पोचलेल्या भीमराव आंबेडकरांना वसतिगृहाचं जेवण मानवलं नाही. त्यांनी जागा बदलल्या आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. दुसऱ्या खेपेला लंडनमध्ये घरमालकीण जे हातावर ठेवी त्यानं पोट भरत नसे. रात्री अभ्यास करताना ते पापड भाजून खात, असं धनंजय कीरांनी चरित्रात लिहिलं आहे. याच माणसानं 1950 मध्ये आमच्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभं केलं. गावात त्यांचे पुतळे आहेत, त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे, पण लंडनच्या खोलीतल्या पापडाची आठवण भाषणांत कुणी काढत नाही. परदेशी शिकायला निघालेल्या पोराला खरा धीर त्या पापडानंच येईल.

एकट्यादुकट्यानं जाणं वेगळं आणि अख्ख्या समाजानं जाणं वेगळं. रायगडच्या किनाऱ्यावर तेलाच्या घाण्या चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हटले गेलेले बेने इस्रायल ज्यू 1948 नंतर इस्रायलला निघाले. आपल्या धर्माच्या देशात चाललो आहोत, तेव्हा परकेपणाचा प्रश्नच नाही, अशी त्यांची समजूत. तिकडे गेल्यावर मनाजोगती कामं मिळेनात, घरं मिळाली तीही आडगावी, आणि रंगावरून वेगळं वागवतात अशी तक्रार सुरू झाली. काहींनी तेल अवीवमध्ये ठिय्या दिला, आम्हाला परत पाठवा म्हणून हटून बसले. 1952 मध्ये शंभरावर माणसं खरोखर मुंबईला परतलीही. गंमत अशी, की त्यांतली बहुतेक पुढे पुन्हा इस्रायललाच गेली. 1962 मध्ये तिथल्या धर्मपीठानं यांच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करण्याचा फतवा काढला, तेव्हा मात्र परत फिरायची भाषा झाली नाही. निदर्शनं केली, लढले, आणि 1964 मध्ये तो मागे घ्यायला लावला. मला रुळण्याची खूण इथे दिसते. परतीचं तिकीट मागणारा अजून पाहुणा असतो. जो तिथल्याच सरकारशी भांडतो, तो तिथला झालेला असतो. घरात एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं पोह्यांचा, खोबऱ्याचा मलिदा होतोच आहे. लोद, दिमोना, अश्दोद इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मराठीही आहे.

अमेरिकेची कथा दिवाळी अंकांतून इतकी येऊन गेली आहे, की थोडक्यात आवरतो. 1965 च्या कायद्यानं दार उघडलं, डॉक्टर-इंजिनियर गेले, गावोगाव मंडळं निघाली आणि 1981 मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ झालं. त्या पिढीनं इकडून मिक्सर नेले आणि ते तिकडच्या 110 व्होल्टवर रडत चालले. घरी फोन करायचा तर ट्रंक कॉल. एरवी निळं एअरोग्राम. तीन मिनिटांत खुशाली सांगून संपवायची, म्हणून रडगाणं शेजाऱ्याकडे गायलं जायचं आणि शेजारी आपसूक जवळचा व्हायचा. आजचा मुलगा वर्षाला 85,000 एच-वन-बी व्हिसांच्या सोडतीतून जातो. ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांच्या हिशेबात मोजतात. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. घर घ्यावं की भाड्यानंच राहावं, झाड लावावं की कुंडीवर भागवावं, सगळं त्या रांगेवर अडतं. बायको इकडे नोकरी करणारी असेल तर तिला 2015 पर्यंत तिथे कामाची परवानगीच नव्हती. आता मिळते, पण तीही नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठराविक टप्प्याला पोचल्यावर.

सध्या उस्मानपुऱ्यात बोलबाला जर्मनीचा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी दहा हजार कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हा नर्सिंग आणि आयटीआयवाल्यांनीही जर्मन भाषेचे वर्ग शोधले. विद्यार्थ्याला वर्षाच्या खर्चापोटी 11,904 युरो अडकवून ठेवावे लागतात. त्यासाठी किती घरांत मुदत ठेवी मोडल्या, ते घरच जाणे.

तिकडे पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो. त्या नोंदणीच्या कागदावाचून करक्रमांक मिळत नाही, बँकवालेही तो कागदच मागतात. आणि घर मिळाल्याशिवाय कागद नाही. घर मिळतं तेव्हा कळतं, की स्वयंपाकघर पुष्कळदा नुसत्या भिंतींचं असतं. ओटा, बेसिन, शेगडी आपण आणायची आणि सोडून जाताना उचलून न्यायची. भाड्यात 'थंड' आणि 'गरम' असे दोन आकडे. गरम आकड्यात हीटिंग आणि पाणी धरलेलं. हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर भिंतींना बुरशी धरते आणि भुर्दंड भाडेकरूला. फोडणीचा वास घालवायला इकडे कुणी खिडकी उघडा म्हणून करारात लिहीत नाही.

आणि मग केअरवोखे. श्टुटगार्टच्या बाजूला, म्हणजे करार झाला त्याच राज्यात, ही प्रथा चालते. जिना, तळघर, दारासमोरची फरशी यांची सफाई आठवड्याआठवड्यानं एकेका बिऱ्हाडाकडे येते. पाळी आली की दाराच्या मुठीला पाटी लटकते. आपलं झालं की ती शेजाऱ्याच्या दाराला. झाडलं नाही तर कुणी ओरडत नाही, फक्त जिन्यात नमस्कार घ्यायचं बंद होतं. आमच्याकडे जिना झाडायला बाई येते आणि सोसायटीची बैठक तिच्या पगारवाढीवरून गाजते. त्या सोसायटीत वाढलेला मुलगा गुडघ्यांवर बसून पायऱ्या पुसतो, हे त्याच्या आईला व्हिडिओ कॉलवर दिसतं आणि तिला वाईट वाटतं. मला नाही वाटत. परदेशानं दिलेल्या धड्यांतला हा सर्वांत कामाचा धडा असावा. रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात घालून प्लास्टिकमागे 25 सेंट परत घ्यायचे, काचेचे रंग वेगळे करायचे, रविवारी मात्र काच टाकायची नाही, कारण आवाज होतो; हे सगळं महिनाभरात अंगवळणी पडतं. रविवारची शांतता तेवढी पडत नाही. दुकानं बंद, रस्ते रिकामे, ड्रिल मशीन लावायचं नाही. गुलमंडीच्या गर्दीत वाढलेल्याला हा दिवस खायला उठतो, आणि तो फोन उचलतो.

आखातात गेलेल्याला रुळायची सोयच नाही. तिथे नागरिकत्व मिळत नाही; नोकरी संपली की व्हिसा संपला. एका खोलीत सहा-आठ जण, स्वयंपाकाच्या पाळ्या, शुक्रवारी कपडे आणि फोन. दहावी नसलेल्याला इथून निघतानाच सरकारी मंजुरी लागते, म्हणून पीर बाजारात दहावीच्या सनदेला पासपोर्टाइतकाच मान आहे. त्याला परत यायचंच असतं, त्यामुळे तो तिकडे घर मांडत नाही. पाठवलेल्या पैशांतून इकडे मजला चढतो.

ज्यांना रुळणं शक्य आहे, त्यांचं काय होतं? त्यांच्या दिवसात इकडचा दिवस मिसळलेला असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपचं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेचं घड्याळ तासभर मागे जातं, हे उस्मानपुऱ्यातल्या आजीला पाठ असतं; नातवाची आंघोळ त्यावर ठरते. घरी कुणाला ताप आला, नळाला पाणी आलं नाही, मामानं लग्नात आहेर काय केला, सगळं त्याच रात्री तिकडे पोचतं. 2025 च्या ऑगस्टात अमेरिकेच्या नव्या आयात नियमांमुळे टपाल खात्याला तिकडची पार्सलं थांबवावी लागली आणि ती 15 ऑक्टोबरला, वसुबारसेला दोन दिवस उरले असताना, पुन्हा सुरू झाली. त्या दीड महिन्यात फराळावरून जेवढे फोन झाले, तेवढ्यात शेजारच्या बाईंकडून चकलीचा साचा मागून आणता आला असता.

रोजच्या या फोनांखेरीज दुसरं ओझं कागदांचं. 2023 मध्ये शहराचं नाव बदललं. जुन्या पासपोर्टावर जन्मस्थान औरंगाबाद, नव्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर, आणि तिकडच्या कारकुनाला दोन्ही एकच हे पटवायचं. परदेशी नागरिकत्व घेतलं की ओसीआय कार्ड मिळतं, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं येते तेवढी ठेवता येते. मग गंगापूर तालुक्यातल्या चार एकरांच्या वाटणीसाठी सही लागते. वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र करायचं, ते इकडे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरायचा, आणि तोवर भावाभावांत बांधावरून जुंपलेली असते. वीस वर्षांपूर्वी देश सोडलेला माणूस श्टुटगार्टच्या रविवारी कानाला फोन लावून त्या बांधाची मोजणी ऐकत असतो. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचं आडनाव त्याला अजून नीट उच्चारता येत नाही.