नौकेच्या तळाची स्वच्छता : खाजगी लाभ आणि सामाजिक खर्च

समुद्रात नांगरून ठेवलेल्या शिडाच्या नौकेच्या तळावर प्रथम सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर जमतो. त्यानंतर शेवाळ आणि पुढे बार्नेकल, शिंपले यांसारखे कवचधारी जीव वाढू लागतात. यामुळे पाण्याचा अवरोध वाढतो, नौकेची गती मंदावते आणि इंजिन वापरल्यास इंधन अधिक लागते. साहजिकच, तळ स्वच्छ ठेवण्यात मालकाचे हित असते. तथापि, स्वच्छता कधी, कोठे व कशी होते याचे परिणाम इतरांनाही भोगावे लागतात. अर्थशास्त्रात यालाच 'बाह्य परिणाम' म्हणतात.

मार्च १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन येथील नौकातळावर काळ्या पट्ट्यांचा परदेशी शिंपला मोठ्या संख्येने आढळला. तो बाहेरून आलेल्या क्रीडानौकांच्या तळांना चिकटून आल्याचे मानले जाते. शासनाने नौकांची ये-जा रोखली आणि क्लोरीन व मोरचूद वापरून त्याचे निर्मूलन केले. त्यात तेथील इतर जलचरही नष्ट झाले. हाच शिंपला भारतात विशाखापट्टणम व मुंबई या बंदरांत यापूर्वीच पोहोचला होता.

उपायही निर्दोष नसतात. ट्रायब्युटिल्टीनयुक्त विषारी रंगामुळे फ्रान्सच्या आर्काशों उपसागरातील कालवांच्या शेतीची मोठी हानी झाली. परिणामी १९८२ मध्ये फ्रान्सने लहान नौकांवर त्याच्या वापरास निर्बंध घातले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये यासंबंधी करार संमत केला व तो २००८ मध्ये अंमलात आला. जैव-आच्छादनाबाबत संघटनेने २०११ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली; २०२३ मध्ये ती सुधारण्यात आली.

पाण्यातच तळ खरवडल्यास सुटे झालेले जीव व रंगाचे कण बंदरातच राहतात. म्हणून शक्यतो नौका किनाऱ्यावर घ्यावी, खरवड गोळा करावी आणि तिची जमिनीवर सुरक्षित विल्हेवाट लावावी, हे श्रेयस्कर ठरते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात अनेक नौका किनाऱ्यावर घेऊन त्यांची डागडुजी व रंगकाम केले जाते. खरवड साठविण्याची सोय या काळात बंदरांवर झाल्यास अल्प खर्चात मोठी हानी टळू शकेल. मात्र हा खर्च कोणी सोसावा, हा धोरणाचा प्रश्न आहे. 'प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी' हे तत्त्व लावताना लहान मच्छीमार आणि हौशी नौकामालक यांच्या ऐपतीतील अंतर विचारात घेणे आवश्यक आहे.