‘फाईल सांपडत नाहीं’ म्हणजे काय ?

इमारतींचे, रस्त्यांचे व यंत्रांचे नकाशे पूर्वीं लाकडी फळ्यावर टी-स्क्वेअर व गुण्ये यांच्या साहाय्यानें काढीत असत. आतां तें काम बहुतेक ठिकाणीं संगणकावर होतें. त्यासाठीं जे प्रोग्राम वापरतात त्यांत ऑटोकॅड हा एक जुना व दूरवर पसरलेला प्रोग्राम आहे. तो १९८२ सालीं प्रथम बाजारांत आला. हा प्रोग्राम सर्व प्रकारच्या नकाशांसाठीं केलेला असल्यामुळें, पाण्याचे नळ, बागांची आंखणी किंवा लोखंडी सांगाडे अशा एकाच विषयांत काम करणाऱ्यांस तो अपुरा वाटतो. ती उणीव भरून काढण्यासाठीं पुरवणी प्रोग्राम निघाले आहेत. पुरवणी प्रोग्राम आपल्याबरोबर स्वतःचे फॉन्ट, रेषांचे प्रकार, हॅचचे नमुने, चिन्हें व आज्ञा घेऊन येतो आणि हें सर्व साहित्य आपल्या निराळ्या फोल्डरमध्यें ठेवतो. तें फोल्डर कोठें आहे हें मूळ प्रोग्रामला ठाऊक असेल तरच दोघांचें काम सुरळीत चालतें.

समजा, एका कचेरींतील ड्राफ्ट्समननें सकाळीं कालचाच नकाशा उघडला. काल तो बिनचूक होता. आज मात्र अक्षरांचें वळण बदललेलें आहे, कांहीं चिन्हांच्या जागीं प्रश्नचिन्हें उमटलीं आहेत, आणि पुरवणी प्रोग्रामची रोजची आज्ञा टाइप केली तर ‘ही आज्ञा अपरिचित आहे’ असें उत्तर येतें. हा केवळ दिसण्याचा दोष नव्हे. नकाशाच्या फाईलींत अक्षरांचे आकार सांठविलेले नसतात. फॉन्टचें फक्त नांव असतें. फॉन्ट सांपडला नाहीं म्हणजे ऑटोकॅड बदली फॉन्ट लावतो. बदली अक्षरांची रुंदी निराळी असल्यामुळें मजकूर मापांच्या आंकड्यांवर जाऊन बसतो. असा नकाशा छापून बांधकामावर गेला, तर तो वाचणाऱ्या गवंड्यास काल तेथें काय होतें हें कळण्याचा मार्ग नसतो. चूक भिंतींत उतरते आणि दोष मात्र ड्राफ्ट्समनच्या माथीं येतो.

अशा वेळीं पुष्कळ लोक पुरवणी प्रोग्राम काढून पुनः बसवितात, किंवा त्याच्या फाईली दिसेल त्या फोल्डरमध्यें टाकतात. हें करण्यापूर्वीं ‘सांपडत नाहीं’ या शब्दांचा अर्थ समजून घेतला पाहिजे. साहेबांनीं शिपायाच्या हातीं एक चिठ्ठी दिली आणि तींत लिहिलें कीं, अमुक कागद प्रथम पहिल्या कपाटांत पाहा, तेथें नसल्यास दुसऱ्यांत, मग तिसऱ्यांत. शिपायानें तीन कपाटें पाहिलीं व परत येऊन ‘कागद नाहीं’ असें सांगितलें. कागद चौथ्या कपाटांत सुखरूप आहे. पण तें कपाट चिठ्ठींत नव्हतें. शिपाई खोटें बोलला नाहीं. संगणकाचेंहि तसेंच आहे. फाईल नाहीं असें त्याचें म्हणणें नसून, जेथें शोधण्यास सांगितलें होतें तेथें ती नाहीं, इतकेंच त्याचें म्हणणें असतें. म्हणून पहिला प्रश्न ‘फाईल कोठें गेली?’ हा नसून ‘त्यानें कोठें कोठें पाहिलें?’ हा असला पाहिजे.

ही चिठ्ठी ऑटोकॅडमध्यें वाचावयास मिळते. ऑप्शन्स ही आज्ञा दिली म्हणजे जी चौकट उघडते तींतील फाईल्स या पानावर ‘सपोर्ट फाईल सर्च पाथ’ या नांवाखालीं फोल्डरांची यादी असते. तींत पुरवणी प्रोग्रामचें फोल्डर आहे कीं नाहीं हें प्रथम पाहावें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. फोल्डरचें नांव यादींत घातलें म्हणजे त्याच्या पोटांतील फोल्डरें आपोआप शोधलीं जात नाहींत. पोटांतील प्रत्येक आवश्यक फोल्डर स्वतंत्रपणें लिहावें लागतें.

त्याच पानावर ‘वर्किंग सपोर्ट फाईल सर्च पाथ’ अशी दुसरी यादी आहे. ती हातानें बदलतां येत नाहीं. पहिल्या यादींतील जीं फोल्डरें या क्षणीं खरोखर हातीं लागतात, तेवढींच दुसऱ्या यादींत दिसतात. म्हणून या दोन याद्या शेजारीं शेजारीं ठेवून वाचणें ही दोष शोधण्याची सर्वांत सोपी युक्ति होय. फोल्डर पहिल्या यादींत आहे पण दुसऱ्या यादींत नाहीं, असें आढळल्यास नांव लिहिण्यांत चूक आहे, फोल्डर हलविलें गेलें आहे, किंवा जेथें तें आहे त्या सर्व्हरपर्यंत वाट पोंचत नाहीं, असें समजावें. सर्व्हरवरील जागेस जें एक अक्षर दिलेलें असतें तें प्रत्येक संगणकावर एकच असेल असें नाहीं. शिवाय प्रोग्राम ‘ॲडमिनिस्ट्रेटर’च्या अधिकारानें चालविला तर एरव्हीं दिसणारें तें अक्षर त्याला बहुधा दिसत नाहीं. अक्षराऐवजीं सर्व्हरचें पूर्ण नांव लिहिल्यानें हा घोटाळा टळतो.

फोल्डर पहिल्याच यादींत नसेल तर ‘प्रोफाईल’कडे वळावें. शोधमार्गांची यादी संगणकाची नसून, त्यावर काम करणाऱ्या माणसाच्या प्रोफाईलची असते. पुरवणी प्रोग्राम एकानें आपल्या नांवानें बसविला आणि दुसरा आपल्या नांवानें कामास बसला, तर दुसऱ्याची यादी कोरी राहूं शकते. प्रोफाईल बदललें किंवा मूळपदावर आणलें, अथवा ऑटोकॅडची नवी आवृत्ति घेतली, तरी हाच प्रकार होतो.

यादी बरोबर असूनहि काम चुकत असेल तर क्रम तपासावा. एकाच नांवाच्या दोन फाईली असल्यास जी प्रथम भेटते ती घेतली जाते व शोध तेथेंच थांबतो. फाईलींच्या प्रती सर्वत्र टाकण्याचा उपाय घातक ठरतो तो यामुळेंच. आज काम भागतें. पण पुढच्या वर्षीं नवी फाईल आली तरी यादींत आधीं येणाऱ्या फोल्डरमधील जुनी प्रत निमूटपणें पुढें येते. नेमकी कोणती प्रत घेतली जाते हें पाहण्यासाठीं ऑटोलिस्प भाषेंत ‘फाइंडफाईल’ नांवाची क्रिया आहे. तिला फाईलचें नांव द्यावें; फाईल सांपडली तर ती पूर्ण पत्ता सांगते, न सांपडल्यास ‘निल’ असें उत्तर देते.

शेवटीं विश्वासाचा प्रश्न येतो. २०१२ सालीं मेड्रे नांवाच्या एका विषाणूचा बोभाटा झाला. ऑटोलिस्पमध्यें लिहिलेली ही फाईल नकाशांच्या फोल्डरमध्यें नकाशांबरोबरच बसून राहात असे. नकाशा उघडला कीं ऑटोकॅड जवळच्या त्या फाईलीस आपली समजून चालवीत असे, आणि नकाशे चोरून चीनमधील ई-मेलच्या पत्त्यांवर जात असत. पेरू देशांत याचा उपद्रव विशेष झाला. पुढें ऑटोकॅडच्या २०१४ च्या आवृत्तींत, नकाशाच्या फोल्डरमधून आज्ञांच्या फाईली शोधणें मुळांत बंद ठेवण्यांत आलें, आणि ‘ट्रस्टेड लोकेशन्स’ म्हणजे विश्वासू जागांची निराळी यादी आली. पुरवणी प्रोग्रामचें फोल्डर शोधमार्गांत आहे म्हणून तें विश्वासू ठरत नाहीं, आणि विश्वासू आहे म्हणून तेथें शोध होतो असेंहि नाहीं. दोन्ही याद्या निरनिराळ्या पाहाव्या लागतात. वारंवार येणाऱ्या इशाऱ्यास कंटाळून ‘सेक्युअरलोड’ हें कुलूप शून्यावर आणणारे लोक आहेत. त्यापेक्षां खात्रीचें तेवढें एकच फोल्डर विश्वासू यादींत घालावें हें बरें.

येणेंप्रमाणें, प्रथम यादी, मग तिची पोंच, मग प्रोफाईल, मग क्रम आणि शेवटीं विश्वास, असें एकामागून एक पाहिलें असतां प्रोग्राम पुनः बसविण्याची वेळ क्वचितच येते. दोष सांपडेपर्यंत तो नकाशा छापूं नये व जतनहि करूं नये, एवढें पथ्य मात्र अवश्य पाळावें. शिपायावर रागावण्यापूर्वीं त्याच्या हातची चिठ्ठी वाचून पाहावी, हा जुन्या कचेरींतील शहाणपणा येथेंहि तितकाच खरा आहे.