विश्लेषण : नगर जिल्ह्यात अस्सल चव शोधायची कशी?

एका टोकाला काही हजार मिलिमीटर पाऊस, दुसऱ्या टोकाला उन्हाळी टँकर. जिल्हा एक असला तरी ताट एक नाही. मोबाइलवरचे तारे बाजूला ठेवून पीक, हंगाम आणि आठवडे बाजाराच्या मागे गेले, तर काय हाती लागते?

मागच्या हिवाळ्यात आमच्या डिजिटल डेस्कवर एका वाचकाचा फोन आला. शिर्डीहून शनिशिंगणापूरकडे जाताना त्यांनी आमच्याच संकेतस्थळावरची ‘नगरच्या १० अस्सल चवी’ ही यादी उघडली होती. यादीतल्या चौथ्या क्रमांकाच्या हॉटेलच्या जागी टायरचे दुकान निघाले. ‘‘दोन पोरं अन् म्हातारी आई घेऊन उभाय मी. आता काय टायर खाऊ?’’ असे ते म्हणाले. मी माफी मागितली, कारण यादी माझीच होती. खुर्चीतून न उठता, पाऊण तासात, नकाशावरचे तारे आणि इतरांच्या तीन याद्या पाहून केलेली. त्या तिन्ही याद्याही तशाच तयार झाल्या असणार.

त्यानंतरच्या साप्ताहिक सुट्ट्या मी मोटारसायकलवर घालवल्या. सरकार दरबारी जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. बसथांब्यावर आणि खानावळीत मात्र अजून ‘नगर’च ऐकू येते, म्हणून या लेखात दोन्ही नावे येतील.

तारे नेमके काय मोजतात?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षीच शिकवतात, की आकडा पाहण्याआधी नमुना कुठून घेतला ते पाहा. नगर जिल्ह्यातून जाणारा परगावचा माणूस बहुधा शिर्डी, शिंगणापूर, पुणे-संभाजीनगर रस्ता आणि भंडारदरा यांच्या पलीकडे वळत नाही. इंटरनेटवर शेरे लिहितो तो हाच. त्याला गाडी लावायला जागा, स्वच्छतागृह आणि पोरांसाठी कमी तिखट भाजी हवी असते. त्यात गैर काही नाही. पण मग साडेचार तारे म्हणजे हमरस्त्यावरची सोय, चव नव्हे. कर्जत किंवा पाथर्डीच्या बाजारपेठेतल्या खानावळीत रोज तीच चाळीस माणसे जेवतात. रोजच्या जेवणाला कोण तारे देत बसतो?

पाट्यांचेही तसेच. ‘गावरान’, ‘चुलीवरचे’, ‘घरगुती’ हे शब्द आता रंगाऱ्याकडे तयारच असतात.

ताट तालुक्यागणिक का बदलते?

क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. १७ हजार चौरस किलोमीटरपेक्षा थोडा जास्त, तालुके १४. पश्चिमेला अकोले तालुक्यात १,६४६ मीटरचे कळसूबाई शिखर आहे. तिथल्या घाटघर, रतनवाडी भागात पाऊस कोसळतो म्हणून तिथे भात, नाचणी, वरई. सह्याद्री ओलांडून ढग पूर्वेला सरकतात तेव्हा त्यांच्यात फारसे पाणी उरलेले नसते. त्यामुळे संगमनेरचे पठार आणि पारनेरात बाजरी, हुलगा, मटकी. श्रीगोंदा, कर्जत, जामखेडला रब्बीची ज्वारी आणि तूर. मधल्या राहाता, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे पट्ट्यात प्रवरा-मुळेचे कालवे आले आणि ऊस, पेरू, दूध आले. शिंगणापूरच्या वाटेवर बैलाने फिरवायची लाकडी रसवंती दिसते ती या कालव्यांच्याच कृपेने. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याआधी या पट्ट्याचे ताटही कोरडेच असणार.

‘कोरडे ताट’ ही नगरची खरी ओळख आहे, असे माझे मत झाले आहे. मासवडी पाहा. बेसनाच्या पातळ वेष्टनात तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण यांचे सारण, सोबत झणझणीत रस्सा. नावात मासा, ताटात मात्र ना मासा ना हिरवी भाजी. हुलग्याचे शेंगोळे घ्या, कर्जत-जामखेडकडची शिपी आमटी घ्या, किंवा येसूर घ्या. भाजलेले धान्य, डाळ आणि मसाले दळून डब्यात भरून ठेवायचे आणि लग्नाकार्यात आमटीला दाटपणा आणायचा, तो हा येसूर. घरात भाजी नसेल त्या दिवसासाठी शोधलेले हे पदार्थ आहेत. म्हणून ‘नगरी थाळी’त पनीर आणि बेबीकॉर्न दिसले, की मी पाणी पिऊन उठतो.

चांगली खानावळ ओळखायची कशी?

एक प्रश्न पुरतो : ‘‘बाजरी कधी दळली?’’

बाजरीत इतर तृणधान्यांपेक्षा स्निग्धांश जास्त असतो. दाणा अखंड असतो तोवर तो सुरक्षित असतो. दळला की दाण्यातलेच विकर त्या स्निग्धांशावर काम सुरू करतात आणि काही दिवसांत पीठ कडवट होऊ लागते. त्यामुळे महिन्याचे पीठ एकदम भरून ठेवणाऱ्या ठिकाणी बाजरीची भाकरी चांगली लागूच शकत नाही, मग चूल असो की गॅस. मी हा प्रश्न विचारतो तेव्हा चांगल्या ठिकाणी गल्ल्यावरचा माणूस थेट ‘परवा’ म्हणतो, किंवा आत हाक मारून विचारतो. वाईट ठिकाणी मेन्यूकार्ड पुढे सरकवतो.

दुसरी खूण ऋतूची. नवी बाजरी साधारण दसरा-दिवाळीला येते आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावून थापली जाते. उन्हाळ्यात घरोघरी ज्वारीवर येतात. बाराही महिने एकच भाकरी वाढणारे हॉटेल तुमच्यासाठी चालते, गावासाठी नाही. आठवडे बाजाराच्या दिवशी गावात पोहोचलात तर शोधाशोधही करावी लागत नाही. बाजार उठवून शेतकरी आणि टेम्पोवाले जिथे जेवायला बसतात, तिथे बसायचे.

हुरडा नेमका कधी खायचा?

डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत पुणे रस्त्याला हुरडा पार्ट्यांचे फलक लागतात. ज्वारीचा दाणा दुधाळ अवस्थेतून पिठूळ अवस्थेत जाताना मधे काही दिवस असे येतात, की दाणा भरलेला असतो पण त्यातल्या साखरेचे पूर्ण पिष्ट झालेले नसते. ते दिवस म्हणजे हुरडा. एका वावरात हा काळ जेमतेम आठवड्याचा. पुढचे वावर उशिरा पेरलेले असले तर हंगाम लांबतो, एवढेच. कणसे आगटीत, गोवरीच्या निखाऱ्यावर भाजायची, हातावर चोळायची आणि गरम असतानाच शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायची. शेजारी गूळ, रेवडी, गोडी शेव.

सगळ्या ज्वारीचा हुरडा सारखा होत नाही. गुळभेंडीसारखे जुने वाण यासाठीच राखले गेले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले उत्तरा’, ‘फुले मधुर’ हे वाण खास हुरड्यासाठी दिले. यांचा दाणा गोड तर असतोच, पण चोळल्यावर बोंडातून सहज सुटतो. भाकरीच्या ज्वारीचे कोवळे कणीस भाजून दिले तर दाणा सुटताना तूस हाताला आणि दाताला चिकटते. फलकावर ‘गुळभेंडी’ आणि हातात तूस, असा अनुभव मला दोनदा आला. कापलेल्या कणसाची गोडी उतरत जाते, त्यामुळे शहरात पाकिटातून विकला जाणारा हुरडा स्वस्त वाटला तरी मी घेत नाही. वावरातच जा, आणि तेही सकाळी.

काळभात म्हणजे काळा तांदूळ का?

नाही. सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, म्हणून जरा थांबून सांगतो. अकोल्याच्या डोंगराळ भागात रायभोग, जिरवेल, काळभात, आंबेमोहर असे जुने सुवासिक भात आजही थोड्या वावरांत टिकून आहेत. काळभाताचे तूस काळे असते. आतला तांदूळ पांढराच, बारीक आणि सुवासिक. शहरातल्या ऑरगॅनिक दुकानात ‘काळभात’ म्हणून जांभळट काळा तांदूळ दाखवला, तर तो वेगळा वाण आहे. चांगला असेलही, पण काळभात नव्हे. आंबेमोहर म्हणून इंद्रायणी विकण्याचा प्रकार तर सर्रास. इंद्रायणी हे आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात १९८७ मध्ये तयार झालेले वाण. म्हणजे आंबेमोहराचे अपत्य. दिसायला-वासाला थोडेफार आईवर गेलेले, उत्पन्नाला मात्र पुष्कळ पुढे.

खरी अडचण त्या उत्पन्नातच आहे. जुने भात उंच वाढतात, वाऱ्यापावसात लोळतात, एकरी कमी उतरतात. शेतकऱ्याने ते घरापुरते लावावेत आणि विकायला संकरित लावावे, हा हिशेब चुकीचा कसा म्हणायचा? गिऱ्हाईक नसेल तर पेरणी कमी होते. पेरणी थांबली तर दोन-चार वर्षांत साठवलेल्या बियाण्याची उगवण जाते आणि वाण संपतो. तांदूळ पुन्हा विकत आणता येईल, बियाणे कुठून आणणार?

याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना हे पुस्तकाविना कळले. त्या शाळेत गेल्या नाहीत. नातू आजारी पडला, तेव्हा त्यांना फवारलेल्या, संकरित बियाण्याच्या भाज्यांची शंका आली आणि त्या गावठी बियाणे जमवू लागल्या. पुढे ‘बायफ’ संस्थेची साथ मिळाली, घरातच बियाण्यांची बँक उभी राहिली. वाल, घेवडे, भात, रानभाज्या असे वाण त्यात आहेत. २०१८ मध्ये ‘बीबीसी’च्या १०० महिलांच्या यादीत त्यांचे नाव आले आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना ‘बीजमाता’ म्हटले. हे सगळे आपण सत्काराच्या बातम्यांत वाचतो. त्या वालाची आमटी कुठल्या हॉटेलात मिळते, हे मात्र कोणी विचारत नाही.

उत्तर असे, की ती हॉटेलात बहुधा मिळतच नाही. ती मिळते बारी, साम्रद, रतनवाडी अशा गावांतल्या घरांत, जिथे शिखरावर किंवा सांधण दरीत जाणाऱ्यांना जेवण करून देतात. आदल्या दिवशी फोन करून माणसे सांगावी लागतात. नुसते ‘जेवण’ म्हटले तर पाहुण्याला आवडेल म्हणून बटाट्याची भाजी आणि विकतचा तांदूळ शिजतो. हा माझा पहिला अनुभव. दुसऱ्यांदा मी म्हणालो, ‘‘मावशी, तुमच्या घरी जे करता तेच करा.’’ पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, ‘‘वालाचं कालवण चालंल का? अन् भात आमच्याच वावरातला हाय, थोडा चिकाट व्हतो.’’ नवा तांदूळ चिकट होतोच. पण सुवासही नव्यातच जास्त असतो, साठवणीत तो उडत जातो. त्या दिवशी मी भात दोनदा मागून घेतला आणि निघताना पाच किलो विकत मागितला. दोनच किलो मिळाला. बाकीचा घरच्या लग्नासाठी राखलेला होता.

परतताना राजूरचा पेढा घ्यायला हरकत नाही. तो राजूरमध्येच घ्यावा, हे सांगायला नको.

घरी काय न्यावे?

बाजरीचे पीठ नको, धान्य न्या. येसूर मिळाला तर थोडाच घ्या. आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आलात तर चिंच घ्या. नगरची बाजार समिती चिंचेच्या मोठ्या बाजारांपैकी एक आहे, हे नगरकरांनाही अनेकदा ठाऊक नसते, कारण आपल्याकडे चिंच ही दारातल्या झाडाची गोष्ट. बाजारात अखंड आणि फोडलेली चिंच वेगवेगळ्या भावाने जाते. चिंचोकाही वाया जात नाही, त्याची पूड कापडाच्या खळीपर्यंत पोहोचते. नवी चिंच तांबूस असते, ठेवणीत काळी पडत जाते. आमटीसाठी जुनी चालते, साराला नवी बरी. रस्ते रुंद झाले तशी कडेची जुनी झाडे गेली. नव्या चौपदरी रस्त्याच्या दुभाजकात चिंच कोणी लावत नाही.

चवीसाठी अडून बसणाऱ्यांत नगरशी जोडलेले एक मोठे नाव आहे. १९४२ ते १९४५ या काळात मौलाना आझाद इथल्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. तिथे लिहिलेल्या, पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या पुस्तकात आलेल्या पत्रांत ते पहाटेच्या चिनी चहाविषयी लिहितात. त्यांचा आवडता प्रकार ‘व्हाइट जस्मिन’, म्हणजे गोरी चमेली. दूध घालून चहा पिणाऱ्यांवर त्यांचा राग होता. किल्ल्याबाहेरच्या नगरी अमृततुल्याबद्दल ते काय म्हणाले असते, याचा मी अनेकदा विचार करतो, आणि मग तोच चहा मागवतो.

‘नगरच्या १० अस्सल चवी’ ते पान अजून उघडते आणि रोज वाचलेही जाते. चौथा क्रमांक मी काढला. बाकी नऊ ठिकाणी एकेक करून जातो आहे. आतापर्यंत पाच झाली. त्यांपैकी दोन ठिकाणी बाजरी कधी दळली ते सांगता आले. एका ठिकाणी बाजरीच नव्हती.